वजनकाटा हलला नाही, म्हणून चालणे सोडावे का?

वाचकाचे पत्र: "माझे वय ५१ आहे. नोकरी बैठी असल्याने दिवसाचे नऊ-दहा तास खुर्चीतच जातात. चार महिन्यांपूर्वीच्या तपासणीत उपाशीपोटी साखर ११२, तीन महिन्यांची सरासरी म्हणजे एचबीए१सी ६.१, रक्तातील चरबी म्हणजे ट्रायग्लिसराइड २१०, 'चांगले' कोलेस्टेरॉल म्हणजे एचडीएल ३८, रक्तदाब १३८/८८ आणि कमरेचा घेर ९८ सेंटिमीटर असे आकडे आले. डॉक्टरांनी लगेच औषध न देता आधी चालायला सांगितले. मी आठवड्यातून पाच दिवस रोज ३५ मिनिटे झपझप चाललो. खाण्यात मात्र फारसा बदल केला नाही. तीन महिन्यांनी वजन ८१ किलोवरून ८०.४ किलो झाले. 'एवढे चालून पाऊण किलोसुद्धा नाही?' असे पत्नी म्हणाली आणि मलाही ते पटले. गेले दोन आठवडे चालणे बंद आहे. दुसऱ्या तपासणीत साखर १०७, सरासरी ५.९, ट्रायग्लिसराइड १४२, एचडीएल ३९, रक्तदाब १२८/८२ आणि कंबर ९५ आली आहे. जिना उतरताना डावा गुडघा दुखतो. व्यायामाचा नाद सोडून सरळ गोळी सुरू केली तर चालेल का? मला शंभर वर्षे जगण्याची हौस नाही. आहेत ती वर्षे धड जावीत, एवढेच. ता. क. कार्यालयाचे तीन मजले आता मध्ये न थांबता चढून जातो आणि झोपही बरी लागते, पण ते निव्वळ सवयीने होत असेल."

सप्रेम नमस्कार,

पत्रातील मुख्य प्रश्नाचे उत्तर आधीच देतो, म्हणजे पुढचे वाचताना मनात धाकधूक राहणार नाही. चालणे उद्यापासून पुन्हा सुरू करा. ते व्यर्थ गेलेले नाही; उलट, ज्या कामासाठी डॉक्टरांनी ते सांगितले होते ते काम तुमच्या अहवालात होताना दिसते आहे. चूक झाली ती मोजमापाची. तुम्ही चालण्याचा हिशोब वजनकाट्याकडे मागितला आणि वजनकाट्याला त्यातले थोडेच कळते.

प्रथम तुमच्याच आकड्यांकडे पाहू. कमरेचा वाढलेला घेर, ट्रायग्लिसराइड १५० किंवा अधिक, एचडीएल पुरुषांत ४० पेक्षा व स्त्रियांत ५० पेक्षा कमी, रक्तदाब १३०/८५ किंवा अधिक, आणि उपाशीपोटी साखर १०० किंवा अधिक, अशा पाच गोष्टींपैकी तीन एकत्र आढळल्या की त्या समूहाला मेटाबोलिक सिंड्रोम, म्हणजे चयापचयातील बिघाडांचा समूह, म्हणतात. कमरेची मर्यादा सर्व वंशांच्या लोकांना सारखी नसते; युरोपीय वंशाच्या पुरुषांसाठी ती ९४ सेंटिमीटर धरतात, तर दक्षिण आशियाई पुरुषांसाठी ९० आणि स्त्रियांसाठी ८०. चार महिन्यांपूर्वी तुमच्याकडे या पाचही गोष्टी होत्या. आज कंबर, एचडीएल आणि साखर या तीन उरल्या आहेत. नाव अजून पुसले गेलेले नाही हे खरे, पण पाचांवरून तीनांवर येणे आणि वजन पाऊण किलोनेही न उतरणे या दोन गोष्टी एकाच माणसाच्या बाबतीत, एकाच काळात घडल्या आहेत, हे नीट ध्यानात घ्या.

येथे थोडा सावधपणाही हवा. एचबीए१सी ६.१ वरून ५.९ होणे हा फरक इतका लहान आहे की चाचणीच्या नेहमीच्या चढउतारातही तो बसू शकतो, आणि ट्रायग्लिसराइड तर आदल्या रात्रीचे जेवण, मद्य किंवा उपाशी राहण्याचे तास यांवर बरेच वर-खाली होते. त्यामुळे यातला कोणताही एक आकडा हातात धरून आनंदोत्सव करू नये. मात्र सहाच्या सहा आकडे सुधारणेच्या दिशेने सरकलेले असताना तो केवळ योगायोग मानणे मला तरी जड जाते. ५.७ ते ६.४ ही एचबीए१सीची पातळी मधुमेहपूर्व अवस्थेची समजली जाते. तुम्ही अजून त्याच पट्ट्यात आहात, पण तोंड बाहेर पडण्याच्या वाटेकडे आहे.

आता वजन का उतरले नाही ते सांगतो. तुमच्या वजनाचा माणूस अर्धा तास झपझप चालला तर साधारण १५० किलोकॅलरी खर्च होतात. हा खर्च जेवणात नकळत भरून निघतो, कारण चालून आल्यावर भूक थोडी वाढते आणि 'आज व्यायाम झाला आहे' या समाधानात हात जरा सैल सुटतो. नुसत्या चालण्याने, आहार न बदलता, वजन भराभर उतरेल असे ज्यांनी तुम्हाला सांगितले असेल त्यांनी तुमची निराशा आधीच पेरून ठेवली होती. वजन खरोखर कमी करायचे असेल तर आहाराकडे वळावे लागेल आणि तुमच्या बाबतीत ते हिताचेही ठरेल. पण चालण्याचे मुख्य काम ते नव्हे.

मुख्य काम स्नायूंमध्ये चालते. जेवणानंतर रक्तात आलेली साखर शेवटी कोठे जाते, असे विचारले तर बहुतेक लोक यकृत किंवा स्वादुपिंड असे उत्तर देतात. प्रत्यक्षात इन्सुलिनच्या प्रभावाखाली रक्तातून उचलल्या जाणाऱ्या ग्लुकोजचा सर्वांत मोठा वाटा हाडांना जोडलेले स्नायू घेतात. त्यासाठी स्नायूंच्या पेशींत ग्लुट-४ नावाचे वाहक प्रथिन असते. एरवी ते पेशीच्या आत साठवलेले असते, इन्सुलिनचा इशारा मिळाला की पृष्ठभागावर येते आणि ग्लुकोज आत घेते. तुमच्यासारख्या अवस्थेत नेमका हाच इशारा मंद पोहोचतो. इन्सुलिन असते, पुष्कळदा नेहमीपेक्षा जास्तच असते, पण पेशी त्याला पुरेशी दाद देत नाही. यालाच इन्सुलिन-रोध म्हणतात. आता गंमत अशी की स्नायू आकुंचन पावतो तेव्हा तेच ग्लुट-४ इन्सुलिनची वाट न पाहता, एका वेगळ्याच मार्गाने पृष्ठभागावर येते. म्हणजे जो रस्ता तुमच्या शरीरात अडला आहे त्याला वळसा घालणारा दुसरा रस्ता चालताना आपोआप मोकळा होतो, आणि हा दुसरा रस्ता मधुमेह झालेल्या माणसातही बऱ्यापैकी शाबूत असतो.

चालणे संपल्यानंतरही स्नायू इन्सुलिनला नेहमीपेक्षा अधिक दाद देत राहतात. हा परिणाम साधारण २४ ते ४८ तास, काहींमध्ये थोडा अधिक काळ टिकतो आणि मग ओसरतो. म्हणूनच व्यायामात सलग दोन दिवसांहून अधिक खंड पडू देऊ नये असे मधुमेहतज्ज्ञ सांगतात. औषधाची मात्रा जशी ठरावीक काळाने पुन्हा घ्यावी लागते, तसाच हा प्रकार आहे. रविवारी तीन तास डोंगर चढून आठवड्याची बेगमी होत नाही. तुम्ही दोन आठवडे थांबला आहात, त्यामुळे त्या मात्रेचा हा असर आज उरलेला नसणार. घाबरण्याचे कारण नाही, पहिल्या काही दिवसांतच तो परत येऊ लागतो.

वजन न घटता लाभ होतो याला भक्कम पुरावा आहे का, अशी शंका तुम्हाला येणे रास्त आहे. अमेरिकेत मधुमेहपूर्व अवस्थेतील ३,२३४ प्रौढांवर झालेल्या आणि २००२ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात लोकांचे तीन गट केले होते. एकाला मेटफॉर्मिन ही मधुमेहावरील गोळी, दुसऱ्याला औषध नसलेली नुसती दिखाऊ गोळी, आणि तिसऱ्याला ७ टक्के वजन कमी करण्याचे व आठवड्याला १५० मिनिटे शारीरिक हालचालीचे उद्दिष्ट दिले. सरासरी पावणेतीन वर्षांत दिखाऊ गोळीच्या तुलनेत मधुमेह होण्याचे प्रमाण मेटफॉर्मिनने ३१ टक्क्यांनी, तर जीवनशैलीच्या गटात ५८ टक्क्यांनी कमी झाले. त्या यशात वजन घटण्याचा वाटा मोठा होता, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. पण पुढे त्याच गटातील, वजनाचे उद्दिष्ट न गाठलेल्या लोकांचा स्वतंत्र हिशोब मांडला गेला. त्यांच्यापैकी ज्यांनी हालचालीचे उद्दिष्ट मात्र पाळले त्यांच्यात मधुमेहाचे प्रमाण, ते न पाळणाऱ्यांपेक्षा ४४ टक्क्यांनी कमी आढळले. तुमची अवस्था नेमकी याच लोकांसारखी आहे. चीनमधील दाचिंग येथे १९८६ पासून सहा वर्षे चाललेल्या ५७७ जणांच्या अभ्यासातही केवळ व्यायामाच्या गटात मधुमेहाचा धोका जवळपास निम्म्याने घटला होता.

याहून जुनी एक गोष्ट मला फार आवडते आणि तुमच्या तीन सेंटिमीटरशी तिचे नाते आहे. लंडनमध्ये जेरेमी मॉरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५३ साली दाखवून दिले की दुमजली बसचे दिवसभर बसून राहणारे चालक आणि दिवसभर जिने चढणारे-उतरणारे वाहक यांत हृदयविकाराचे प्रमाण वाहकांमध्ये कमी आहे. यावर साहजिकच आक्षेप निघाला की जाड माणसेच चालकाच्या नोकरीकडे वळत असतील. मग त्यांनी गणवेशाच्या नोंदी काढल्या आणि विजारींच्या कमरेची मापे तपासली. चालकांच्या विजारी खरोखरच ढगळ निघाल्या. पण पुढील अभ्यासात असे दिसले की सडपातळ असो वा पोट सुटलेला, वाहक आपल्यासारख्याच बांध्याच्या चालकापेक्षा बरा होता. शरीराचा घेर एक गोष्ट सांगतो आणि हालचाल दुसरी. दोन्ही खऱ्या आहेत, पण एकीचे माप दुसरीला लागू पडत नाही.

कमरेबद्दल अजून थोडे. पोटाच्या आत, आतड्यांच्या व यकृताच्या आसपास साठणारी चरबी चयापचयाला सर्वाधिक त्रास देते, आणि नियमित चालण्याला ती त्वचेखालच्या चरबीपेक्षा लवकर दाद देते. यकृतात साठलेली चरबीसुद्धा, वजन फारसे न बदलता, व्यायामाने कमी होते. म्हणून ८०.४ किलोपेक्षा ९५ सेंटिमीटर या आकड्याकडे मी जास्त आदराने पाहतो. फक्त तो मोजताना शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मधोमध, श्वास सहज सोडून, दर वेळी त्याच जागी टेप धरा, नाहीतर एक-दोन सेंटिमीटरचा फरक टेपच पाडतो.

आता उरलेल्या नऊ-दहा तासांविषयी, कारण पत्रात तुम्ही ते एका वाक्यात उरकले आहेत आणि मला ते खटकले. सकाळी ३५ मिनिटे चालून पुढचा सगळा दिवस खुर्चीत काढणारा माणूस व्यायाम करतो हे खरे, आणि बैठा आहे हेही तितकेच खरे. दहा लाखांहून अधिक लोकांच्या माहितीचे एकत्रित विश्लेषण २०१६ साली प्रसिद्ध झाले. त्यात दीर्घकाळ बसण्याने अकाली मृत्यूचा जो वाढीव धोका दिसतो, तो रोज ६० ते ७५ मिनिटे मध्यम हालचाल करणाऱ्यांमध्ये जवळपास नाहीसा झालेला आढळला. तुमचा वेळ याच्या निम्मा आहे. लगेच दुप्पट चाला असे मी म्हणणार नाही, पण बसणे मोडा. २०१२ सालच्या एका छोट्या प्रयोगात दर वीस मिनिटांनी केवळ दोन मिनिटे सावकाश चाललेल्या स्थूल प्रौढांची, गोड पेय घेतल्यानंतरची साखर, सलग बसून राहिलेल्या दिवसाच्या तुलनेत सुमारे चतुर्थांशाने कमी वाढली. नोकरीच्या ठिकाणी दर वीस मिनिटांनी उठणे कोणाला जमते, हा प्रश्न मलाही पडतो. अर्ध्या-पाऊण तासाने उठा, फोन उभे राहून घ्या, आणि दुपारच्या जेवणानंतर खुर्चीत टेकण्याआधी दहा-पंधरा मिनिटे पाय मोकळे करा. जेवणानंतरचे चालणे साखरेच्या दृष्टीने विशेष उपयोगी पडते, कारण ग्लुकोज रक्तात उतरत असतानाच स्नायू ते उचलायला तयार असतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये, पूर्वीची 'सलग दहा मिनिटांपेक्षा कमी हालचाल धरू नये' ही अट काढून टाकली आहे, त्यामुळे हे तुकडेही हिशोबात धरता येतात. रोज दहा हजार पावले पुरी झालीच पाहिजेत, हा ध्यास मात्र घेऊ नका. त्या आकड्याचा उगम १९६० च्या दशकात जपानमध्ये विकल्या गेलेल्या एका पावले-मापकाच्या नावात आहे, कोणत्या वैद्यकीय प्रयोगात नव्हे.

चालण्याचा वेग झपझप होता की नाही हे ठरवण्यासाठी मनगटावरच्या यंत्राची गरज नसते. चालताना बोलता यावे पण गाणे म्हणता येऊ नये, एवढा दम लागला की ती मध्यम हालचाल झाली. आठवड्याला अशी १५० ते ३०० मिनिटे असावीत असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. तुमची १७५ होत होती. मात्र त्याच शिफारशीचा दुसरा भाग, म्हणजे आठवड्यातून किमान दोन दिवस सर्व मोठ्या स्नायूंना बळ देणारा व्यायाम, तुमच्या दिनक्रमात अजिबात नाही, आणि तुमच्या गुडघ्याचे दुखणे बहुधा तेच सांगते आहे.

जिना उतरताना मांडीच्या पुढच्या स्नायूला ताणले जात असतानाच शरीराचा भार पेलावा लागतो. हा स्नायू दुबळा असला की तो भार गुडघ्याच्या सांध्यावर अधिक पडतो. तिशीनंतर वापर नसेल तर स्नायूंचे वस्तुमान दर दशकाला काही टक्क्यांनी घटत जाते, आणि साखर साठवण्याची जागाही त्यासोबत आक्रसते. त्यामुळे ताकदीचा व्यायाम हा तुमच्या गुडघ्याचा आणि साखरेचा एकच उपाय ठरतो. सुरुवात खुर्चीपासून करा. हातांचा आधार न घेता दहा वेळा उठा आणि सावकाश बसा. बसताना तीन अंक मोजा, कारण खरे काम बसण्यात होते. थोडे थांबून आणखी दोन आवर्तने करा. भिंतीला हात टेकवून छाती भिंतीजवळ नेणे, टाचा उचलणे आणि पाठीवर झोपून कंबर वर उचलणे यांची भर घाला. महिन्याभरात ते सोपे वाटू लागले की हातात वजन घ्या. सोपे वाटत असूनही तेच करत राहणे ही या व्यायामात सर्वांत जास्त होणारी चूक आहे. व्यायाम करताना गुडघा थोडा दुखला आणि दुसऱ्या दिवसापर्यंत शांत झाला तर चालू ठेवा; सूज येत असेल, गुडघा अडकत असेल किंवा अचानक दगा देत असेल तर मात्र आधी अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा.

आता त्या ताज्या कलमाकडे येतो. मला विचाराल तर तोच तुमच्या पत्राचा गाभा आहे. तुम्ही लिहिता की शंभर वर्षे नकोत, आहेत ती धड जावीत. जीवनमान मोजण्यासाठी जगभर वापरल्या जाणाऱ्या एसएफ-३६ या प्रश्नावलीत छत्तीस प्रश्न आहेत. त्यांत जिने चढता येतात का, सामान उचलून नेता येते का, वाकता येते का, अंगात उत्साह असतो का, दुखण्यामुळे कामात अडथळा येतो का, असे प्रश्न आहेत. वजन किती, हा प्रश्न त्यात नाही. तीन मजले न थांबता चढणे आणि रात्री नीट झोप लागणे या दोन गोष्टींना तुम्ही 'सवय' म्हणून बाजूला सारले, पण जी क्षमता चार महिन्यांपूर्वी नव्हती आणि आज आहे तिला सवय म्हणत नाहीत. हृदय एका ठोक्यात अधिक रक्त ढकलू लागले आहे आणि पायांचे स्नायू त्यातला प्राणवायू अधिक चांगला वापरू लागले आहेत, त्याचा हा परिणाम आहे.

तुमच्या वयाच्या माणसांविषयीचा एक अभ्यास येथे सांगितलाच पाहिजे. अमेरिकेतील डॅलस येथे १९६६ साली वीस वर्षांच्या पाच निरोगी तरुणांना तीन आठवडे अंथरुणातून उठू दिले नाही आणि त्यांची प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता मोजली. तीस वर्षांनी, पन्नाशीत आलेल्या त्याच पाच जणांना पुन्हा तपासले तेव्हा असे दिसले की तीस वर्षांच्या वाढत्या वयाने जेवढी क्षमता हिरावली नव्हती, तेवढी त्या तीन आठवड्यांच्या पडून राहण्याने हिरावली होती. मग त्यांना चालणे, धावणे व सायकल असा सहा महिन्यांचा सावकाश वाढत जाणारा कार्यक्रम दिला. तारुण्यात, अंथरुणात पडण्यापूर्वी त्यांची जी क्षमता होती तिथपर्यंत ते परत पोहोचले. वजन त्यांचेही थोडेच घटले होते. पाच माणसांवरून जगाचा नियम ठरत नाही, हे मान्य. पण ती पाच माणसे दर वेळी स्वतःशीच ताडून पाहिली गेली होती, आणि तुम्हीही या वयात स्वतःशीच ताडून पाहावे असे मला वाटते.

गोळीबद्दल: औषध घेणे हा पराभव नाही आणि व्यायाम ही औषधाशी लावलेली शर्यत नाही. साखर किंवा रक्तदाब पुन्हा वर गेला तर डॉक्टर औषध सुचवतील आणि तेव्हा ते घ्यावे. मात्र मेटफॉर्मिनने जिना चढताना लागणारा दम कमी होणार नाही, झोप सुधारणार नाही आणि गुडघ्याला आधार देणारा स्नायूही तयार होणार नाही. त्यामुळे 'व्यायाम सोडून गोळी' या तुमच्या प्रश्नातील 'सोडून' हा शब्द तेवढा मी खोडतो. पुढे कधी इन्सुलिन किंवा साखर खाली आणणाऱ्या काही विशिष्ट गोळ्या सुरू झाल्या तर व्यायामाच्या वेळी साखर फार उतरण्याचा धोका असतो, तेव्हा मात्रा डॉक्टरांकडून जुळवून घ्या. चालताना छातीत दाब किंवा जडपणा, तो हाताकडे वा जबड्याकडे जाणे, चक्कर, किंवा श्रमाच्या मानाने अवाजवी दम असे काही जाणवले तर लगेच थांबा आणि त्याच दिवशी तपासून घ्या.

पहिल्या आठवड्यात जुन्या वेगाचा हट्ट धरू नका. वीस मिनिटांपासून सुरू करून दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात ३५ वर या. पत्नींनी विचारलेला प्रश्न चुकीचा नव्हता, फक्त तो वजनकाट्यासमोर उभे राहून विचारला गेला. पुढील तीन महिने दर रविवारी कमरेचा टेप त्यांच्याच हाती द्या. त्यानंतर रक्त त्याच प्रयोगशाळेत, बारा तास उपाशी राहून, आणि आदल्या दिवशी नेहमीपेक्षा वेगळे काही न खाता व नेहमीपेक्षा जास्त न दमता द्या, म्हणजे आधीच्या अहवालाशी तुलना करता येईल. मला पाठवायच्या पत्रात त्या आकड्यांसोबत, खुर्चीतून तीस सेकंदांत किती वेळा उठता येते तेही लिहा. आजचा आकडा आजच कागदावर टिपून ठेवा.